हौसाआत्याच्या पदरावरचा माईक

जन्मभर दुसऱ्यांचं ऐकत आलो. आज पहिल्यांदाच स्वतःबद्दल बोलतोय, तेव्हा जरा सांभाळून घ्या. मी एक कॉलर माईक आहे, वायरवाला. डोकं वालाच्या दाण्याएवढं, त्यावर काळ्या स्पंजची टोपी, पाठीला कपड्याला अडकवायचा चिमटा आणि मागे दीड मीटर वायर. वायरीच्या टोकाला गोल पिन आहे. ती मोबाईलच्या हेडफोनच्या भोकात घातली, की मी ऐकलेलं फोनमध्ये उतरतं.

माझा जन्म दूरदेशीच्या एका कारखान्यात झाला. एका बाईने माझ्या डोक्यातल्या केसाएवढ्या दोन तारा कथलाचा डाग देऊन जोडल्या आणि कानाजवळ धरून एकदा टकटक केलं. तेवढीच आमची ओळख. मग पुठ्ठ्याचा डबा, जहाज, गोदाम, टेम्पो असं करत मी रोह्याला पोचलो. स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर इलियासभाईंचं मोबाईलचं दुकान आहे. तिथे एका खिळ्यावर मला टांगलं आणि मी दोन वर्षं टांगलेलाच राहिलो.

दुकानात दिवसभर गिऱ्हाईक येई. व्हिडिओ करणारी तरुण मुलं जास्त. कुणाला गोल दिवा हवा, कुणाला हात हलला तरी चित्र न हलणारी काठी हवी, कुणाला तीन कॅमेऱ्यांचा फोन. समोर आरसा होता. त्यात बघून सगळे केस नीट करत. आपण कसे दिसू, हा प्रश्न मी हजारदा ऐकला. आपण कसे ऐकू येऊ, असं दोन वर्षांत एकानेही विचारलं नाही. ज्याला माईक हवा असे त्याला बिनवायरीचा हवा असे. माझ्या डब्यावर धूळ बसत गेली आणि डब्याचा निळा रंग उन्हाने पांढुरका झाला.

मग एका शनिवारी नमिता आली.

नमिता पेण तालुक्यातली, खाडीकाठच्या गावातली. कासू स्टेशनवर गाडी पकडून रोज रोह्याला एका डॉक्टरांच्या दवाखान्यात कामाला यायची. नंबर लावणं, पेशंटची नावं पुकारणं हे तिचं काम. इलियासभाई तिला कॉलेजात असल्यापासून ओळखत. ती आत आली ती थेट काचेच्या कपाटापाशी, आणि सगळ्यात चांगला कॅमेरा असलेला फोन दाखवा म्हणाली. हप्त्याने घेईन, पण आजच हवा.

इलियासभाईंनी फोन काढला नाही. त्यांनी तिला स्टुलावर बसवलं आणि काय झालंय ते विचारलं. तिने सांगितलं ते मी खिळ्यावरून ऐकलं.

तिच्या गावाची भातशेती खाडीच्या पातळीपेक्षा खाली आहे. मध्ये मातीचा लांबलचक बांध आहे म्हणून शेत आहे. बांध फुटला की खारं पाणी आत येतं आणि मग दोन-तीन वर्षं त्या जमिनीत गवतसुद्धा नीट उगवत नाही. आषाढातल्या उधाणाला हौसाआत्याला बांधाच्या आतल्या अंगाला पाणी पाझरताना दिसलं होतं. हौसाआत्या म्हणजे नमिताच्या बापाची चुलत बहीण. साठीच्या पुढची. लहानपणी मिठागरात माती तुडवली आणि मग चाळीस वर्षं बांधाची डागडुजी केली. तिने गावात सांगितलं. पण शेताचे मालक गावात होते कुठे? निम्मे डोलवीला कंपनीत शिफ्ट करतात, बाकीचे पनवेल, ठाणे, कुणी आखातात. सरकारी कचेरीत अर्ज दिला. तो घेतला गेला, पण त्याच्या आधी बरेच बांध रांगेत होते.

म्हणून नमिताने मावसभावाला, हर्षदला बोलावलं. हर्षदचा पेणला रामवाडीत फोटो स्टुडिओ. तो लग्नाचा मोठा कॅमेरा आणि ड्रोन घेऊन आला. बांधावरचा सूर्यास्त, उडणारे बगळे, पाठमोरी चालणारी हौसाआत्या असा सुरेख व्हिडिओ झाला. आत्या मध्ये काहीतरी बोलली होती, पण कॅमेरा दूर होता आणि वाऱ्याने तिचा शब्दन् शब्द खाल्ला. हर्षदने वरून बासरी लावली. व्हिडिओ पुष्कळ लोकांनी पाहिला. खाली लिहिलं, किती सुंदर गाव, आम्हाला पण यायचंय. बांधावर मात्र एकही माणूस आला नाही. आणि आता काल, नारळी पौर्णिमेच्या भरतीला, पाझर दुप्पट झाला होता.

हे सगळं सांगून नमिता म्हणाली की कॅमेरा स्वतःचा असला तर ती आत्याला जवळून, नीट घेईल.

इलियासभाईंनी तिचा फोन मागितला. तिचा फोन जुना, कोपऱ्यात तडकलेला. त्यांनी शर्टाच्या टोकाने त्याची मागची काच पुसली आणि तिला रस्त्याच्या पलीकडे उभं केलं. तिथून तिला तिचं नाव आणि गावाचं नाव बोलायला लावलं. रेकॉर्ड करून तिला ऐकवलं. रिक्षाचा हॉर्न ऐकू आला, भाजीवाल्याची हाळी ऐकू आली, नमिता नाही. मग त्यांनी मान वर केली, खिळ्याकडे हात नेला आणि मला खाली काढलं.

डबा उघडल्यावर मला जो उजेड दिसला तो अजून आठवतो. त्यांनी मला तिच्या ओढणीला लावलं आणि पुन्हा तेच बोलायला सांगितलं. दोन वर्षं मी वाट पाहत होतो. मी जीव ओतून ऐकलं. तिने स्वतःचा आवाज ऐकला. मग तिने तो परत लावला.

"चित्र तुझ्या फोनचं चांगलं हाय," इलियासभाई म्हणाले. "तुझ्या आत्याचा आवाज पोचला पायजे. नवीन फोनला हे भोकच नसतं, वर कनेक्टर घ्यावा लागतो. तुझा जुना हाय तेच बरं."

तिने गोल दिव्याबद्दल विचारलं. ते म्हणाले, दिवसा काढ, उजेड आत्याच्या तोंडावर येईल अशी उभी कर. काटछाट करायचं फुकटचं ॲप त्यांनी तिथेच तिच्या फोनमध्ये घातलं, जुने शुभेच्छांचे फोटो पुसून जागा केली. मी आणि एक लहान तिपाई एवढंच घेऊन नमिता निघाली. दुकानातली सगळ्यात स्वस्त वस्तू मीच होतो. गाडीत तिच्या पिशवीत बसलो होतो तेव्हा मला त्याचं काडीचंही वाईट वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, सकाळी दहाच्या सुमाराला आम्ही बांधावर गेलो. भरती चढत होती. तिपाई मांडली ती चिखलात गुडघाभर गेली, ती तशीच सोडून दिली. वारा असा होता की माझ्या स्पंजच्या टोपीला तो जुमानेना. हौसाआत्याला काही सांगावं लागलं नाही. ती घरी गेली आणि नातवाच्या लोकरी टोपीचा गोंडा कापून घेऊन आली. तो माझ्या डोक्यावर बसवून दोऱ्याने बांधला. वारा बाहेर राहिला. मी तसा दिसायला अगदीच विचित्र झालो असेन, पण त्या दिवशी मला आरशाची गरज नव्हती.

नमिताने मला आत्याच्या पदरावर लावलं. पहिल्यांदा बांगड्या वाजल्या, मग पदर घासला. तिने मला काढून जरा वर, छातीच्या मधोमध लावलं. तिथे मला आत्याचा श्वास ऐकू यायला लागला. चढ चढून आल्यामुळे तो फुलला होता.

आत्या कॅमेऱ्यापुढे ताठ उभी राहिली आणि म्हणाली, "सर्व बंधू-भगिनींना माझा नमस्कार. आमच्या गावाची समस्या पुढीलप्रमाणे आहे." हे तिने अर्जातून पाठ केलं होतं. तीनदा केलं, तीनदा मध्येच अडली. नमिताने फोन खाली घेतला. ती म्हणाली की आत्ये, मला दाखव. मी पाहिलेलं नाय ना, मला दाखव कुठं काय हाय.

आत्या चालायला लागली, आणि तेव्हा एक गंमत झाली. मी आत्याच्या छातीवर, माझी पिन नमिताच्या फोनमध्ये आणि मध्ये दीड मीटर वायर. बांध एका माणसापुरता रुंद. आत्या पुढे गेली की नमिताला जावंच लागे. आत्या थांबली की ती थांबे. बिनवायरीचा माईक असता तर नमिता लांब उभी राहिली असती. मी तिला लांब जाऊच दिलं नाही. ती आत्याच्या खांद्याला खांदा लावून चालली, आणि थोड्या वेळाने आत्या फोन विसरली.

एका जागी बांध झिजून जाडीला दोन हातांवर आला होता. आत्या आतल्या बाजूने गुडघे टेकून बसली आणि तिने खेकड्याच्या बिळात हात घातला. कोपरापर्यंत गेला. मग खांद्यापर्यंत गेला. तिचा गाल मातीला टेकला आणि मीही मातीला टेकलो. आतून पाण्याचा आवाज येत होता, बारीक, सतत.

"माझा हात खांद्यापावत आत गेला," आत्या म्हणाली. तिचा आवाज अगदी हळू होता. "बोटांना पानी लागतंय. थंड हाय. चालतं पानी हाय."

ती थोडी थांबली. मग डोळे मिटून, जणू बोटांनीच पलीकडचं वाचतेय, तशी ती एकेका शेतमालकाचं नाव घ्यायला लागली.

"शिवा, यो तुझ्या शेताच्या समोरचा बांध हाय. पयलं तुझं जाईल. मग अमोलचं. मग खालच्या आळीच्या यूनुसचं. मग काशीबाईचं, तिला तं पोरबी नाय. पिठोरीच्या अवसेला उधान हाय. तेरा दिस हायेत. मी एकटी मातीचे गोळे लावतेय, पन माझे दोनच हात हायेत."

मी त्यातलं एक अक्षरही सांडू दिलं नाही. पाण्याचा तो बारीक आवाजसुद्धा घेतला. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात चांगलं काम मी त्या मिनिटात केलं, हे मी कुठलीही लाज न धरता सांगतो.

सोमवारी जेवणाच्या सुट्टीत दवाखान्याच्या मागच्या खोलीत बसून नमिताने काटछाट केली. वीस मिनिटांची चार मिनिटं झाली. सुरुवातीला गावाचं नाव फुलांच्या चौकटीत घातलं, मागे दुःखी सूर लावला. मंगळवारी ती कामावरून सुटून पेणला उतरली आणि रामवाडीत जाऊन तिने ते हर्षदला दाखवलं. हर्षदने हेडफोन लावून ते पाहिलं. बिळात हात गेल्यावर त्याने फोन टेबलावर ठेवला. मग म्हणाला की मी एवढा मोठा कॅमेरा आणला होता, पण ती काय बोलते हे ऐकायला गेलोच नव्हतो.

त्याने तिला शेजारी बसवून शिकवलं. सूर काढून टाक. फुलं काढून टाक. नमस्कार नको, हात बिळात जातो तिथून सुरू कर. शब्द खाली मोठ्या अक्षरात लिही, कारण कंपनीतला माणूस आवाज बंद करूनही बघतो. पण नावं घेते तिथे काहीच कापू नको, तिच्या थांबण्यालासुद्धा हात लावू नको. अठ्ठावन्न सेकंद उरले. ते त्यांनी त्याच संध्याकाळी सोडले.

बुधवारी सकाळपर्यंत विशेष काही झालं नाही. दुपारी शिवाचा फोन आला. शिवा डोलवीला कंत्राटी फिटर. तो चिडलेला होता. कॅन्टीनमध्ये कुणीतरी तो व्हिडिओ सगळ्यांपुढे मोठ्याने लावला होता, आणि त्याचं नाव ऐकून माणसं त्याच्याकडे बघायला लागली होती. नमिता घाबरली. तिने व्हिडिओ काढून टाकायचा विचार केला, पण त्याआधी संध्याकाळी घरी आल्यावर शिवाला पुन्हा फोन लावून तो आत्याच्या हातात दिला.

शिवाने आत्याला विचारलं, माझं नाव घ्यायची काय गरज होती?

आत्या म्हणाली, "शेत तुझं हाय म्हनून."

मग शिवाने विचारलं, बांधाला किती माणसं लागतील.

त्यानंतर फोन वाजतच राहिले. अमोलने पनवेलहून सांगितलं की तो आणि त्याचे मित्र मिळून टेम्पो करतायत. यूनुसने आखातातून निरोप पाठवला. त्यात तो म्हणाला की हौसाआत्याने हात घातला ती जागा त्याला पाठ आहे, तिथे तो लहानपणी खेकडे धरायचा. तो स्वतः येऊ शकत नाही, पण खालच्या आळीतले त्याचे दोन्ही भाऊ आणि चुलतभाऊ येतील. ते शुक्रवारीच नमाजानंतर फावडी घेऊन आले आणि आत्याला विचारून झिजलेली जागा साफ करायला लागले.

रविवारी सकाळी ओहोटीला बांधावर उभं राहायला जागा नव्हती. कंपनीतली रात्रपाळी करून आलेली माणसं त्याच कपड्यांत होती. शिवा शेजारच्या गावांतली आठ माणसं घेऊन आला होता, ज्यांचं इथे वीतभरही शेत नव्हतं. चिकणमातीचे गोळे हातोहात पुढे जात होते, मध्ये झाडोऱ्याचा थर, वर पुन्हा माती, वर दगड. हौसाआत्या सगळ्यांच्या मध्ये उभी राहून सांगत होती. तिने एका इंजिनीअर झालेल्या मुलाचा गोळा हातात घेऊन बघितला आणि परत त्याच्याच हातात दिला. नीट मळ म्हणाली, यात हवा हाय. तो निमूटपणे पुन्हा मळायला बसला.

त्या दिवशी मी तिच्या पदरावरच होतो. ती जे सांगत होती ते सगळं मी घेतलं. खेकड्याचं बीळ वरून बुजवायचं नाही, आधी खणून त्याचं तोंड शोधायचं. पाझर गढूळ असेल तर माती वाहतेय असं समजायचं आणि धावायचं. नमिता दोनदा घसरली आणि दोन्ही वेळा माझ्या वायरीला ओढ बसली. पिनेजवळ आतली एक तार सुटली. आवाज जायला लागला तसं नमिताने तिथे बोटाने दाबून धरलं आणि तशीच तीन तास उभी राहिली. नंतर इलियासभाईंनी ती जागा डागून दिली आणि वर काळी पट्टी गुंडाळली. पैसे घेतले नाहीत.

पुढचे पाच दिवस ज्याची शिफ्ट सुटेल तो थेट बांधावर येत होता.

पिठोरीच्या अमावस्येला दुपारी साडेबाराला उधाण होतं. सगळं गाव बांधावर आलं. पाणी कांदळाच्या झाडांवरून वर आलं, दगडांवर आलं, नव्या मातीला लागलं. हौसाआत्या आतल्या बाजूला गुडघ्यांवर बसून होती. तिने मातीवर तळहात ठेवला होता. मी तिच्या छातीवर होतो आणि तिचा श्वास ऐकत होतो. तो बराच वेळ अर्धवट थांबून राहिला होता. पाणी बांधाच्या माथ्याच्या एक हात खाली येऊन थांबलं. पाव तास तिथेच राहिलं. मग एक ओला दगड उघडा पडला. मग दुसरा.

आत्याने तळहात उचलून बघितला. "कोरडा हाय," ती म्हणाली.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. काशीबाई खाली बसून रडायला लागली आणि शिवा तिच्याजवळ जाऊन बसला. हे मी ऐकलं, पण नमिताने ते रेकॉर्डिंग कधी कुणाला दाखवलं नाही. तिचा हा निर्णय मला फार आवडला.

त्या वर्षी भात झालं. आता नमिता आणि हौसाआत्या मिळून बांधाचे छोटे व्हिडिओ करतात. बांध कसा तपासायचा, उघाडीची, म्हणजे शेतातलं पाणी खाडीत सोडायच्या वाटेची, दारं कधी बदलायची, माती कुठली घ्यायची. दुसऱ्या तालुक्यांतून फोन येतात आणि आत्या त्यांना तास-तास समजावते. नमिताने मध्यंतरी कमाईतून बिनवायरीच्या माईकची जोडी घेतली. चांगले आहेत ते. लांबच्या कामाला तेच जातात, मला हेवा वाटत नाही. माझी वायर आता तीन ठिकाणी पट्टीने बांधलेली आहे, चिमट्यावर खाऱ्या हवेचा गंज आहे, आणि गोंडा कधीचा राखाडी झालाय. पण आवाज अजून स्वच्छ आहे.

तुम्ही कधी इलियासभाईंच्या किंवा दुसऱ्या कुणाच्या दुकानात व्हिडिओसाठी काही घ्यायला गेलात, तर एवढंच मनात आणा: कुणाचं बोलणं आहे आणि ते कुणापर्यंत जायला हवं आहे. त्याला जेवढं लागेल तेवढंच घ्या. धूळ बसलेला एखादा डबा खिळ्यावर असेल, तो एकदा उघडून बघा.

आज मला खाडीपलीकडच्या गावात आणलंय. फरझाना नावाची बाई आहे, पस्तिशीतली. त्यांच्या आळीतली विहीर या उन्हाळ्यात खारट झाली. ती कधी चारचौघांत बोललेली नाही. सकाळपासून दोनदा नको म्हणाली, आणि तिसऱ्यांदा स्वतःच येऊन बसली. तिच्या ओढणीला मला लावताना नमिताने बांगड्या काढून ठेवायला सांगितल्या. आता फरझानाचा श्वास मला ऐकू येतोय, भरभर चाललाय. तिने मान खाली घालून माझ्याकडे बघितलं आणि नमिताला विचारलं, "चालू हाय काय?"

चालू आहे. बोला, फरझानाताई.